श्रीलंका : टीव्हीवरची, सहलीतली आणि राहून गेलेली

२०२४ च्या मार्चमध्ये आपल्या मंडळाच्या ज्येष्ठांच्या मेळाव्यात मी श्रीलंकेच्या सहलीवर बोललो होतो. पाऊण तास फोटो दाखवले, चार गमतीजमती सांगितल्या आणि शेवटी "टीव्हीवर दाखवतात त्यावर जाऊ नका मंडळी, स्वतः जाऊन बघा" असं म्हणून टाळ्याही मिळवल्या. नंतर चहाच्या वेळी एका सभासद भगिनींनी विचारलं, "म्हणजे आता तिथलं सगळं सुरळीत झालं म्हणायचं? गरिबी वगैरे काही नाही ना राहिली?" मी चहाचा घोट घेत म्हणालो, "आम्हाला तरी कुठे दिसली नाही."

हे उत्तर मला पुढे बरेच दिवस खटकत राहिलं. मी खोटं बोललो नव्हतो, खरंच दिसली नव्हती. पण चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाने असं उत्तर द्यायला नको होतं. बँकेत चुकलेली नोंद खोडत नाहीत. ती तशीच ठेवायची आणि खाली दुरुस्तीची नोंद घालून सही करायची, असा रिवाज आहे. हा लेख ती दुरुस्तीची नोंद समजा.

सुरुवात २०२२ पासून करावी लागेल. त्या वर्षी मे महिन्यात आपल्यातले आम्ही चौदा जण श्रीलंकेला जाणार होतो. एजंटाकडे आगाऊ रक्कमही भरली होती. मार्चपासून टीव्हीवर एकच चित्र : पेट्रोलपंपावर किलोमीटरभर लांब रांगा, रस्त्याच्या कडेला साखळीने बांधून रांगेत ठेवलेले गॅस सिलिंडर, दिवसाला तेरा तेरा तासांचं भारनियमन. कागद नाही म्हणून शाळेच्या परीक्षा पुढे ढकलल्याचीही बातमी आली होती. एप्रिलच्या शेवटी आम्ही सहल रद्द केली, आणि तसा आग्रह धरणारा मीच होतो. आगाऊ रकमेतला काही भाग बुडाला, त्यावरून थोडी कुरबूरही झाली. पुढे ९ जुलैला कोलंबोत जमाव राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरला, तिथल्या तरणतलावात उड्या मारणारी पोरं साऱ्या जगाने पाहिली, राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले आणि त्यांनी सिंगापुरातून राजीनामा पाठवला. तेव्हा मी कॉलर ताठ करून म्हणालो, "बघा, मी सांगत होतो की नाही?"

तो निर्णय बरोबर होता, हे आजही म्हणेन. डिझेलच नाही तर आमची बस फिरणार कशी? चूक झाली ती पुढच्या हिवाळ्यात. एजंटाने पुन्हा विचारलं तेव्हा मी पुन्हा नको म्हणालो. माझ्या डोळ्यांसमोर अजून जुलैमधला तो तरणतलावच होता. त्यानंतर तिथे काय झालं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मीही शोधलं नव्हतं. आग लागली की ती बातमी असते, विझली की अर्धी बातमी, आणि घर पुन्हा बांधायला काढलं की ती बातमीच राहत नाही.

याला वार्ताहरांची लबाडी म्हणता येत नाही. हे मला कळायला सोपं गेलं, कारण आमच्या शाखेतही तसंच एक वर्तमानपत्र रोज सकाळी छापलं जायचं. कोअर बँकिंग आल्यापासून आदल्या दिवसाचे जे रिपोर्ट निघतात, त्यात एक 'एक्सेप्शन रिपोर्ट' असतो. खात्यात पैसे पुरेसे नसताना पास केलेला चेक, कित्येक वर्षं निपचित पडलेल्या खात्यातून अचानक निघालेली रक्कम, मागच्या तारखेची नोंद, अधिकाऱ्याने स्वतःच्या अधिकारात मंजूर केलेला व्यवहार, असं जे जे नेहमीसारखं नाही, तेवढंच त्यात येतं. दिवसाला सात-आठशे व्यवहार व्हायचे, रिपोर्टात वीस-पंचवीस ओळी. प्रत्येक ओळ खरी, आणि ती तपासल्याशिवाय सही करायची नाही हेही खरं. पण आमच्या शाखेत कधी पाय न ठेवलेल्या माणसाला वर्षभर हा एकच रिपोर्ट वाचायला दिला, तर त्याची खात्री पटेल की ही शाखा म्हणजे अंदाधुंद कारभार. पेन्शन घ्यायला येऊन पासबुक भरून जाणाऱ्या चारशे आजी-आजोबांचा त्यात उल्लेखही नसतो.

आपल्याला बेळगावात तर हे वेगळं समजावून सांगायला नको. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये अधिवेशन सुरू झालं की सीमाप्रश्न तापतो आणि पुण्या-मुंबईचे फोन सुरू होतात. २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यापाशी महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, दोन्हीकडच्या बसगाड्या काही काळ बंद राहिल्या. सौ.च्या पुण्याच्या बहिणीने त्या दिवशी तीन वेळा फोन केला. "घरात सामान भरून ठेवलंय ना? बाहेर पडू नका हं." आम्ही तेव्हा खडेबाजारात टॉवेल-चादरी घेत होतो. दगडफेक झाली हे खोटं नव्हतं आणि आम्ही चादरी घेत होतो हेही खोटं नव्हतं. मेहुणीला मात्र एकच दिसत होतं. याच मेहुणीचे यजमान एकदा लग्नाला म्हणून आले होते. दोन दिवस राहिले, कुंदा बांधून घेतला, किल्ला आणि कपिलेश्वर पाहिला आणि जाताना म्हणाले, "काय हो, उगाच तुम्ही सीमाप्रश्न सीमाप्रश्न करता. सगळीकडे मराठी बोलतात की!" तेव्हा माझा संताप झाला होता. पण श्रीलंकेत जाऊन मी दुसरं काय करून आलो?

तिकडे झालं काय होतं, ते आधी बँकेच्या भाषेत थोडक्यात सांगतो. देशाला डॉलर मिळायचे चहा, तयार कपडे, पर्यटन आणि परदेशात काम करणाऱ्यांनी घरी पाठवलेल्या पैशातून. डॉलर लागायचे इंधन, औषधं, दूध पावडर आणि जुन्या कर्जाच्या हप्त्यांसाठी. २१ एप्रिल २०१९ ला, ईस्टरच्या दिवशी, चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले, अडीचशेहून जास्त माणसं गेली आणि पर्यटन बसलं. त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या सरकारने व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. लगेच पुढे कोविड आला. सरकारी उत्पन्न घटलं, पतमानांकन घसरलं, आणि बाजारातून नवं कर्ज काढून जुनं फेडायची वाट बंद झाली. रुपया मात्र डॉलरला २०० च्या आसपास धरून ठेवलेला. काळ्या बाजारात जास्त भाव मिळत असताना आखातातला माणूस बँकेमार्फत पैसे कशाला पाठवेल? तो हवालावाल्याकडे गेला, त्याला तिकडे 'उंडियल' म्हणतात. भरीस भर म्हणून २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका झटक्यात बंदी घातली. काही महिन्यांत ती मागे घ्यावी लागली, पण तोवर शेतीचं नुकसान झालं होतं. मार्च २०२२ मध्ये रुपया सोडून दिला, तो काही आठवड्यांत ३५० च्या पलीकडे गेला. १२ एप्रिलला परदेशी कर्जाची परतफेड थांबवल्याचं जाहीर झालं. मे महिन्यात अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की वापरता येईल असा परकीय चलनाचा साठा ५ कोटी डॉलरच्याही खाली आहे. सव्वादोन कोटी लोकांचा देश!

कर्जखातं ज्या दिवशी एनपीए होतं, त्या दिवशी ते आजारी पडलेलं नसतं. दुकानात माल कमी होतो, चेक परत जायला लागतात, मालक भेटायचं टाळतो. हे सगळं दीड-दोन वर्षं आधी सुरू झालेलं असतं. श्रीलंकेची तीन वर्षं आपल्या टीव्हीवर आली ती शेवटच्या तीन महिन्यांत, आणि तीही बरीचशी कोलंबोतल्या गॉल फेसच्या मैदानापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतली.

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही अखेर निघालो. चौदाचे नऊ झाले होते. भारतीयांना तेव्हा व्हिसा शुल्क माफ होतं. राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरू आणि तिथून विमानाने कोलंबो. उतरल्यापासून मी रांगा शोधत होतो. एकही दिसली नाही. पेट्रोलपंप मोकळे, दिवे लखलखीत, रस्ते स्वच्छ. शिस्त अशी की आपल्या कॉलेज रोडवरच्या रिक्षावाल्यांना इथे प्रशिक्षणाला पाठवावं. कँडीला दंतधातूच्या मंदिरात पांढऱ्या कपड्यांतली शांत गर्दी, पेराडेनियाची बाग, नुवारा एलियाजवळ सीतामाईचं मंदिर, गॉलचा किल्ला. आपलं यूपीआय तिथे नुकतंच, १२ फेब्रुवारीला सुरू झालं होतं. आमच्यातल्या एकाने चहापत्तीच्या दुकानात फोनने पैसे दिले आणि त्याचा फोटो सगळ्यांनी आपापल्या ग्रुपवर टाकला. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे पावणेचारच्या आसपास, त्यामुळे सौ.सकट सगळ्यांचा हात सैल सुटला होता.

आता मागे वळून पाहताना, आमच्या या सहलीला मी 'शाखाभेट' म्हणतो. विभागीय कार्यालयातून साहेब येणार असं कळलं की आम्ही काय करायचो? फरशी पुसून घ्यायचो, जुन्या फाइली कपाटामागे, चांगले दोन ग्राहक चहाला बोलावून ठेवलेले. साहेब यायचे, ग्राहकांशी बोलायचे, समाधानाने परत जायचे. त्यांनाही कुणी खोटं सांगितलेलं नसायचं. पर्यटकाचं अगदी तसंच होतं. त्याला भेटतात ती सगळी माणसं पर्यटनावर जगणारी, म्हणजे पर्यटक परत आल्यामुळे ज्यांचं बरं चाललंय अशी. २०२२ मध्ये त्या देशात ७ लाख २० हजारांच्या आसपास पर्यटक आले होते, २०२३ मध्ये जवळजवळ १५ लाख. हॉटेलवाला हसणार नाही तर काय करेल? बंद पडलेलं हॉटेल तर आमच्या कार्यक्रमातच नसतं.

शिवाय आमचा मार्ग. नकाशावर बोट ठेवून पाहिलं तर आम्ही त्या बेटाच्या दक्षिण-पश्चिम कोपऱ्यातच गोल फिरलो. जाफना, किलिनोच्ची, मुल्लैतीवू हा उत्तरेचा भाग, जिथे २००९ पर्यंत यादवी युद्ध चाललं, तो आम्ही पाहिलाच नाही. आणि परत येऊन म्हणालो काय, तर "श्रीलंका पाहिली".

गाडीचा चालक सिंहली होता, पन्नाशीचा, अतिशय सभ्य. मी त्याला पाच दिवस विचारत होतो, आता धंदा कसा, सरकार कसं, लोक खूश आहेत का. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "गुड, सर." सहाव्या दिवशी जेवताना सौ.ने सहज विचारलं, "तुम्ही आठ आठ दिवस बाहेर असता, घरी स्वयंपाक कोण करतं?" तो म्हणाला, थोरली मुलगी. आणि मुलीची आई? ती कुवेतला, घरकामाला, दीड वर्ष झालं. २०२२ मध्ये डिझेलच्या रांगेत तो दोन-तीन रात्री गाडीतच झोपायचा, फेऱ्या मिळत नव्हत्या, गाडीचे हप्ते थकले, फायनान्सवाले गाडी ओढून नेणार होते. मग बायको गेली. त्या एका वर्षात ३ लाखांहून जास्त लोक कामासाठी देशाबाहेर गेले, हे मी घरी आल्यावर वाचलं. आपल्या समोरच ताटावर त्यांच्यातल्या एकीचा नवरा बसलाय, हे पाच दिवसांत मला कळलं नव्हतं.

खरी गोष्ट मात्र कँडीहून नुवारा एलियाला जातानाची. तिकिटांच्या गोंधळात आम्हा दोघांना ठरलेल्या डब्यात जागा मिळाली नाही, आणि आम्ही साध्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात चढलो. माझ्या शेजारी साधारण माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर छत्री. एका खासगी कंपनीच्या हिशेब खात्यातून २०२० च्या अखेरीस निवृत्त झालेले. दोन हिशेबनीस एकत्र आल्यावर काय होतं ते सांगायला नको. वाटेत त्यांनी परिप्पू वडे घेतले, म्हणजे आपल्या डाळवड्याचा सख्खा भाऊ. ते वहीच्या पानात बांधून मिळतात. पानावर कुणा पोराची गुणाकाराची गणितं, त्यातलं एक चुकलेलं. आम्ही दोघांनी मिळून ते दुरुस्त केलं आणि खूप हसलो.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, आता कसं आहे? "मच बेटर, मच बेटर." तिथेच थांबलो असतो. पण जुनी सवय म्हणून पुढे विचारलं, "तुमच्याकडे ठेवीला व्याज किती देतात?" ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. नंतर सांगितलं. प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम एकदम हातात आली, त्यातून मुलीचं लग्न झालं, उरलेली पाच वर्षांच्या मुदतठेवीत, साधारण ७ टक्क्यांनी. पेन्शन नाही. २०२१ मध्ये त्या व्याजात दोघांचं महिन्याचं वाणसामान आणि औषधं भागायची. आता तेवढ्याच व्याजात पंधरा दिवस कसेबसे निघतात. पुढे व्याजदर चढले, पण यांची रक्कम जुन्या दराला अडकलेली. "माझे पैसे कुणी घेतले नाहीत," ते म्हणाले. "पासबुकात सगळे तसेच आहेत." हॅटन स्टेशनवर ते उतरले, फलाटावरून छत्री उंचावून निरोप दिला.

त्या माणसाला बातमीत जागा नव्हती. तो पेट्रोलच्या रांगेत नव्हता, कारण त्याच्याकडे गाडी नव्हती. तो राष्ट्राध्यक्षांच्या घरातही शिरला नव्हता. आणि आमच्या सहलीतही तो नव्हता, तिकिटांचा गोंधळ झाला नसता तर भेटलाच नसता. भेटला असता तरी इस्त्रीच्या शर्टावरून मला काय कळणार होतं?

पण यात माझी बाजू घेता येत नाही, कारण मला तो भेटला होता, आणि त्याने मला सांगितलंही होतं. मेळाव्यात मी वड्याची गोष्ट सांगितली, गुणाकाराच्या गणितावर सगळे हसले. ठेवीची गोष्ट मी सांगितली नाही. लोक मजेत होते, समोर निळ्या डोंगरांचे फोटो होते, रंगाचा बेरंग कशाला करा, असं वाटलं. बातमीदार वाईट तेवढं निवडतो म्हणून मी त्याला नावं ठेवत होतो, आणि मी चांगलं तेवढं निवडलं.

त्यानंतर महिन्याभरात, २०२४ च्या एप्रिलमध्ये, जागतिक बँकेचा अहवाल आला. श्रीलंकेत २०१९ मध्ये दारिद्र्यरेषेखाली साधारण ११ टक्के लोक होते, २०२३ मध्ये हे प्रमाण २५.९ टक्के झाल्याचा त्यात अंदाज होता. म्हणजे चारात एक. तरणतलावाच्या वेळी आपल्याकडे दिवसभर दाखवत होते. हा आकडा आपल्या एखाद्या वाहिनीवर आला असेल तर माझ्या नजरेतून सुटला. गोदाम पाहून 'माल बरोबर आहे' अशी सही करावी आणि महिन्याने कळावं की मागच्या थप्प्यांत भुसा होता, तसं वाटलं.

दोन गोष्टी तेव्हाच डोक्यात यायला हव्या होत्या. एक म्हणजे पेट्रोलची रांग का संपली. संकटाआधी पेट्रोल लिटरला २०० रुपयांच्या आत होतं, २०२२ च्या जूनमध्ये ४७० झालं, आम्ही गेलो तेव्हा ३७० च्या आसपास. मधल्या काळात क्यूआर कोडवर ठरावीक कोटा मिळायचा, तो २०२३ च्या ऑगस्टअखेर बंद झाला. डॉलर आले म्हणून इंधन आलं, हे खरंच. भारताने त्या वर्षी साधारण ४ अब्ज डॉलरची मदत केली, आणि २०२३ च्या मार्चमध्ये नाणेनिधीने जवळपास ३ अब्जांचं कर्ज मंजूर केलं. पण रांग मोडायला भावही कारणीभूत असतो. वस्तू स्वस्त आणि थोडी असली की लोक रांग लावतात. तीच दुप्पट महाग झाली की निम्मे लोक रांगेत येतच नाहीत, आणि पंप मोकळा दिसतो. मी तो मोकळा पंप पाहून खूश झालो होतो.

दुसरी गोष्ट महागाईची. सप्टेंबर २०२२ मध्ये महागाईचा दर ७० टक्क्यांजवळ होता, आम्ही गेलो तेव्हा ६ टक्क्यांच्या आसपास. मथळा येतो, 'महागाई सत्तरवरून सहावर', आणि आपल्याला वाटतं स्वस्ताई झाली. हिशेब मांडून बघा. १०० रुपयांची वस्तू १७० झाली, आणि आता ती १८० झाली. दर घटला, भाव चढलेलाच. पगार किंवा व्याज १०० वरच राहिलं असेल तर त्या घराला मथळ्याचा उपयोग शून्य. शिवाय वीज २०२२ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२३ च्या फेब्रुवारीत, असे दोन मोठे झटके देऊन महागली होती आणि आम्ही गेलो त्याच्या आदल्याच महिन्यात व्हॅट १८ टक्के झाला होता. आम्ही बिलावर तो पाहिला, पावणेचारने भागला आणि विसरलो. भाव आपल्या रुपयात मोजायची ही खोड फार फसवी आहे. चहाच्या मळ्यात पाट्या घेतलेल्या तमिळ बायकांबरोबर आमच्या बायकांनी फोटो काढले. तेव्हा त्यांची रोजची मजुरी १००० रुपये होती, २०२१ मध्ये ठरलेली, म्हणजे रुपया कोसळायच्या आधीची. आपले २६५ होतात. हे मी मळ्यात विचारलं नाही, नंतर वाचलं.

आणि प्रॉव्हिडंट फंड. २०२३ मध्ये सरकारने देशातल्या कर्जाची फेररचना केली. बँकांकडच्या रोख्यांना हात लावला नाही, प्रॉव्हिडंट फंडाकडचे रोखे मात्र बदलून कमी व्याजाचे आणि लांब मुदतीचे दिले. बँका का वगळल्या ते बँकवाला म्हणून मला कळतं, बँक कोसळली तर ठेवीदारासकट सगळेच बुडतात. पण ज्यांच्या फंडाचं व्याज कमी झालं, ते कुठल्या कॅमेऱ्यासमोर येणार? त्यांचंही पासबुकात सगळं तसंच असतं.

मग जावं की बातम्या वाचाव्यात, असं कुणी विचारेल. जावंच. मी गेलो नसतो तर माझी श्रीलंका अजून त्या तरणतलावातच राहिली असती. फक्त आता मी थोडी तयारी करतो. जायच्या महिनाभर आधी तिथलीच इंग्रजी वर्तमानपत्रं वाचायला घेतो. श्रीलंकेसाठी 'डेली मिरर' आणि 'डेली एफटी' फोनवर मिळतात. त्यात मोठ्या बातम्यांपेक्षा वीजबिल, बसभाडं, शाळेची फी, वाचकांची पत्रं बघायची. परत आल्यावर वाचन बंद करायचं नाही, निदान सहा महिने तरी. सहलीत एक दिवस कार्यक्रमाबाहेरचा ठेवायचा, साध्या डब्याने जायचं, औषधाच्या दुकानात उभं राहायचं, लोक गोळ्यांची पूर्ण पट्टी घेतात की दोन गोळ्या कापून मागतात ते दिसतं. आणि "देश कसा चाललाय" हे कुणाला विचारायचं नाही. पाहुण्याला सगळेच "छान" म्हणतात, आपणही तेच म्हणतो. स्वयंपाक कोण करतं, भाडं किती, ठेवीला व्याज किती, मुलं कुठे असतात, हे विचारायचं. सौ.ला हे कुणी शिकवलं नव्हतं.

चालकाचा अधूनमधून फोनवर निरोप येतो. २०२४ मध्ये तिकडे २० लाखांवर पर्यटक आले, त्याला काम भरपूर आहे. बायको अजून कुवेतलाच आहे. हिशेबनीस गृहस्थांचा पत्ता मी घेतला नाही, याची रुखरुख आहे. त्यांची पाच वर्षांची ठेव एव्हाना मुदतीला येत असेल.

परवाच्या डिसेंबरात अधिवेशन सुरू झालं आणि पुण्याहून मेहुणीचा फोन आला. "काय गं, टीव्हीवर दाखवतायत, तुमच्याकडे काय चाललंय?" सौ.ने फोन माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "खडेबाजार उघडा आहे, येताना कुंदा घेऊन येतो. आणि शेताचा उतारा काल काढून आणलाय, तो कन्नडमध्ये आहे. वाचून दाखवायला शेजारचा मुलगा संध्याकाळी येणार आहे."